धुऱ्यावरची टिपणे

नागपूर कुठं संपतं आणि हिंगणा कुठं सुरू होतं, हे आता कोणालाच नीट सांगता येत नाही. हिंगणा टी पॉइंट मागे पडला की घरं, दवाखाने, लॉन, लोकमान्य नगरचं मेट्रो स्टेशन, डिगडोह, एमआयडीसीतले कारखाने, वानाडोंगरी असं सगळं एकाला एक लागून येत राहतं. ऑटोवाला भाड्यावरून हद्द सांगतो. तलाठी मौजा, पटवारी हलका आणि खसरा क्रमांकावरून सांगतो, पोस्टमन पिनकोडावरून. जुनं माणूस एखाद्या नाल्याकडं बोट करतं आणि म्हणतं, त्याच्या पलीकडं आमचं गाव. चारही उत्तरं वेगळी आहेत आणि चारही खरी आहेत. खालची जमीन मात्र कुठंच तुटलेली नाही.

सगळं असं सलग असेल तर त्यात 'हे' आणि 'ते' येतं कुठून? आपण आखतो म्हणून, की ते आधीपासून असतं आणि आपल्याला नुसतं दिसतं? प्रश्न फार जुना आहे, त्यावर मोठमोठे ग्रंथ आहेत. मला तो हिंगणा तालुक्याच्या आसपासच ठेवून पाहावासा वाटतो. इथं हद्दींचे इतके प्रकार जवळजवळ आहेत की एकावरून दुसऱ्यावर नजर आपोआप जाते.

*

पश्चिम महाराष्ट्रात ज्याला बांध म्हणतात तो आमच्याकडं धुरा. नकाशावर तो शाईची एक रेघ असतो आणि त्या रेघेला रुंदी नसते. शेतात त्याला दोन-तीन फूट रुंदी असते, आणि भांडणं होतात ती त्या रुंदीपायी. दर हंगामात कोणाचा तरी नांगर एखादं तास आत सरकतो. धुरा कोरला गेला म्हणून भाऊभाऊ कोर्टात गेलेले प्रत्येक गावात सापडतात. पूर्वी मोजणीला साखळी यायची, आता रोव्हर येतो आणि उपग्रहावरून खुणा ठरतात. रेघ अधिक बारीक झाली, भांडण तेवढंच राहिलं.

पण त्या दोन-तीन फुटांत काय काय असतं ते पाहावं. बोरी, बाभळी, तरोटा, एखादा पळस. मुंगसाची वाट. नांगर आणि फवारणी यांच्यातून जे जे वाचतं ते सगळं तिथं येऊन राहतं. दोन्ही शेतांपैकी कोणीही ते पेरलेलं नसतं. दोन गोष्टींच्या मधली जागा ही तिसरीच गोष्ट होऊन बसते, हे मला पहिल्यांदा धुऱ्यावर कळलं. पुढं जी जी हद्द पाहिली तिची रुंदी किती आणि त्या रुंदीत कोण राहतं, हे पाहायची सवय लागली.

*

हिंगणा वेणा नदीच्या काठी आहे. नागपूर नाग नदीच्या काठी. दोन्ही गावांत अंतर थोडं, पण पाण्याच्या हिशेबानं ती दोन वेगळ्या घरांतली आहेत.

नाग नदी वाडीजवळच्या लावा गावाच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरी तलावात येते, शहर ओलांडून पूर्वेला कन्हान नदीला मिळते, आणि कन्हान वैनगंगेला. वेणा उलट दक्षिणेला वळते, हिंगणघाटावरून वर्धा नदीला जाते. म्हणजे अंबाझरी आणि हिंगणा यांच्यामधल्या उंचवट्यावर अशी एक ओळ आहे की तिच्या अलीकडं पडलेला पाऊस गोसीखुर्दच्या धरणात जातो आणि हातभर पलीकडं पडलेला हिंगणघाटाला. या ओळीवर दगड रोवलेला नाही, पाटी नाही. कोणत्याही सातबाऱ्यावर तिची नोंद नाही. तिच्यावर उभं राहिलं तरी ती दिसत नाही, कारण डोळ्याला तो सपाट माळच वाटतो. पाऊस मात्र ती रोज वाचतो.

ही माणसानं न आखलेली हद्द. आपण सगळे इथून उठून गेलो तरी ती राहील. मात्र तिला हद्द म्हणायला 'पाणी कुठं जाईल?' हा प्रश्न कोणीतरी विचारावा लागतो. वाऱ्याला ती नाही, चिमणीला नाही, पऱ्हाटीच्या मुळांनाही नाही. सलग माळावर पाण्याच्या प्रश्नानं ही एक ओळ उमटते. दुसरा प्रश्न विचारला की दुसरीच ओळ उमटेल.

आणि ती अगदी अचल आहे असंही नाही. एमआयडीसीचा मोठा भाग अंबाझरीच्या पाणलोटात बसला. रस्ते, गटारं, भराव, काँक्रीट यांनी पाण्याच्या वाटा बदलतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि नागेच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा कोणता थेंब कोणाच्या हद्दीतला हा प्रश्न नागपुरात घराघरांत शिरला होता. महापालिकेची हद्द एक, एमआयडीसीची दुसरी, पाण्याची तिसरी. नियोजन पहिल्या दोन हद्दींचं झालेलं आहे. तिसरीची नोंद कुठल्याच एका टेबलावर नसते, आणि माझ्या मते नागपूरच्या पुराचं मोठं कारण हेच आहे.

नागेचं पाणी आणि वेणेचं पाणी पुन्हा भेटतं. वैनगंगा आणि वर्धा गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ एक होतात आणि पुढं त्यांचं नाव प्राणहिता. तिथं ओंजळीत घेतलेल्या पाण्यात हिंगण्याचं कोणतं आणि नागपूरच्या सीताबर्डीचं कोणतं, हे कोणालाच सांगता येणार नाही.

*

एमआयडीसीत ट्रॅक्टरचे सुटे भाग करणारे लहान लहान वर्कशॉप पुष्कळ आहेत. त्यांतल्या एकात तयार शाफ्ट तपासताना पाहिले. कामगाराच्या हातात लोखंडी गेज होतं, त्याला दोन तोंडं. एकाला गो म्हणतात, दुसऱ्याला नो-गो. शाफ्ट गो तोंडात गेला पाहिजे आणि नो-गोत जाता कामा नये. दोन्ही झालं तर जॉब पास. नाहीतर लाल रंगाच्या ट्रेमध्ये. मोजमाप नाही, आकडा नाही, एका जॉबला दोन-तीन सेकंद.

शाफ्टची जाडी मात्र सलग बदलत जाते. ढिगातले सगळे शाफ्ट जाडीप्रमाणे ओळीनं मांडले तर शेजारच्या दोघांतला फरक बोटालाच काय, साध्या व्हर्नियरलाही कळणार नाही. त्या ओळीत गेजनं दोन ठिकाणी काप घातले आणि मधले 'माल' झाले, दोन्ही टोकांचे 'रिजेक्शन'. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स उद्या बदलला तर कालच्या लाल ट्रेमधले कित्येक पास होतील. लोखंडात काहीही बदललेलं नसेल.

म्हणून ते काप मनमानी आहेत, असं म्हणणं मात्र मला पटत नाही. शाफ्ट जाड झाला तर बेअरिंग बसत नाही, बारीक झाला तर ट्रॅक्टर शेतात थरथरतो. काप कुठं घालायचा ते माणसानं ठरवलं, पण चुकीच्या जागी घातला तर चिखलातला ट्रॅक्टर ते दाखवून देतो. माणसानं आखलेल्या हद्दींतही जगाचं मत विचारात घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन जाती आहेत. हा फरक पुढं लागणार आहे.

*

टाकळघाट. बुटीबोरीकडचं, हिंगणा तालुक्यातलं गाव. त्या भागात मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळं आहेत, जमिनीवर मांडलेली. विदर्भात अशी शिळावर्तुळं शेकड्यानं आहेत. काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीची पुष्कळांनी पाहिली असतील. तिथल्या काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. टाकळघाट आणि जवळच्या खापा इथं नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव यांनी उत्खनन केलं, त्याचा अहवाल १९७० साली निघाला. टाकळघाटला वस्ती सापडली, खाप्याला पुरण्याची जागा. काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातला, म्हणजे लोखंड वापरणारी माणसं.

राहण्याची जागा एकीकडं, मेलेल्यांची दुसरीकडं, आणि मेलेल्यांच्या भोवती दगडांचं कडं. आत पुरलेलं सगळं मातीनं झाकलेलं, कडं तेवढं वर. वर्तुळाच्या आतली माती आणि बाहेरची माती एकच आहे. चाखली तरी फरक कळणार नाही. पण ज्यांनी ते धोंडे ओढून आणले त्यांच्या लेखी आत पाऊल टाकणं आणि बाहेर राहणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. त्यांची भाषा कोणती होती, देव कोणते होते, ते आपल्या हाती नाही. त्यांनी घातलेली हद्द मात्र अजून जागेवर आहे. त्या दगडांशी उभं राहिलं की पाय आपसूक थबकतो, निदान माझा तरी.

याच वर्तुळांपायी एक माणूस गेला. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडचा मिशनरी १८४५ साली नागपुरात आला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज पुढं त्याच्या नावानं निघालं. ४ सप्टेंबर १८६३ रोजी मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल याच्याबरोबर तो टाकळघाटची शिळावर्तुळं पाहायला आला होता. संध्याकाळी छावणीकडं घोड्यावरून एकटा परतताना भरून आलेल्या ओढ्यात तो बुडाला.

त्याचं उभं आयुष्य गोष्टी वेगळ्या ओळखण्यात गेलं होतं. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्यानं नागपूरच्या भूगर्भावर आणि जीवाश्मांवर लिहिलेला लेख १८५५ साली लंडनला छापला गेला. गोंड आणि इतर आदिवासींविषयीची त्याची टिपणं टेंपलनं त्याच्या मागं, १८६६ साली प्रसिद्ध केली. खडकाचा थर, शिंपला, माणसांच्या बोली: जे समोर येईल ते नीट पाहायचं आणि कशापासून कशानं निराळं आहे ते लिहून ठेवायचं. त्याच्या धर्मप्रचाराशी मला कर्तव्य नाही, पण त्याच्या नजरेबद्दल मला मनापासून आदर आहे.

*

हिस्लॉपनं काय पाहिलं ते सांगायला हवं. हिंगण्याकडं जमीन काळी, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. विहीर खणणाऱ्यांना हे तोंडपाठ असतं. हा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले लाव्ह्याचे थर. मुंबईकडून निघालेला हा काळा दगड पूर्वेकडं येत येत नागपुराशी संपतो. शहराच्या पूर्वेला त्याच्याहून कितीतरी जुने, पट्टेदार ग्नाइसचे खडक उघडे पडतात. सीताबर्डीची टेकडी त्या काळ्या दगडाची, आणि फार लांब नाही तोच दुसरं युग सुरू होतं. नागपूर शहर दोन युगांच्या धुऱ्यावर वसलेलं आहे.

हिस्लॉपला टाकळीला आणि सीताबर्डीला लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधे एक पातळ थर दिसला. त्यात गोड्या पाण्यातले शंख होते, बिया होत्या. खालचा थर काळा, वरचा काळा, दोन्ही एकाच दगडाचे. त्यांना वेगळं करणारा तो वीतभर गाळ होता. एक लाव्हा थंड झाला, त्यावर पाणी साठलं, तळं झालं, तळ्यात गोगलगाई वाढल्या, काठाला झाडं आली, त्यांच्या पिढ्या गेल्या, आणि मग दुसरा लाव्हा आला. इथं हद्द म्हणजे मधे गेलेला काळ. आणि धुऱ्यासारखंच: त्या हद्दीतच जीव राहत होते.

*

शिळावर्तुळांच्या काळातली भांडी काळी-तांबडी असतात. आतून आणि तोंडाकडं काळी, बाहेरून खाली तांबडी. पाहणाऱ्याला वाटतं दोन प्रकारची माती वापरली असेल किंवा रंग दिला असेल. तसं नाही. भांडं भट्टीत पालथं ठेवतात, आत गवत-पाचोळा असतो. आतल्या भागाला हवा मिळत नाही, धूर कोंडतो, तो भाग काळा होतो. बाहेरच्या भागाला हवा लागते, मातीतलं लोह तांबडं होतं. माती एक, कुंभार एक, आग एक. जिथपर्यंत हवा पोचली तिथपर्यंत तांबडं. आणि काळ्या-तांबड्याच्या मधे एक करडा-तपकिरी पट्टा असतो. तो काळा की तांबडा हे भांडं सांगत नाही.

*

संत्र्याची रोपवाटिका. हिवाळ्याच्या तोंडाला डोळे भरायचं काम चालतं. खाली जंबेरीचा खुंट, पेन्सिलीएवढा जाड. चांगल्या संत्र्याच्या फांदीवरून ढालीच्या आकाराचा एक डोळा सालीसकट काढायचा. खुंटाच्या सालीला उभा-आडवा काप द्यायचा, साल दोन्ही बाजूंनी हळूच उकलायची, डोळा आत सरकवायचा, वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधायची. सगळं काही सेकंदांत, कारण उघडी पडलेली ओल सुकता कामा नये. काही आठवड्यांनी पट्टी सोडल्यावर डोळा हिरवा दिसला की तो लागला. मग खुंटाचा वरचा भाग छाटून टाकतात आणि पुढचं सगळं झाड त्या एका डोळ्यातून येतं.

काम करणाऱ्याला मी विचारलं, हे झाड एक म्हणायचं की दोन? तो हात न थांबवता म्हणाला, "भाऊ, पाणी तं एकच पेते. पण खालून फुटवा आला तं तो जंबेरीचाच येते, तो काढाच लागते."

सालीखालचा जो कोवळा, ओला पापुद्रा असतो तेवढाच फक्त जुळतो. लाकूड लाकडाशी मिसळत नाही. वीस वर्षांचं झाड कापलं तरी जोडाची जागा ओळखू येते. खालच्या मुळांची चिवट ताकद जंबेरीची, वरच्या फळाची गोडी संत्र्याची. डिंक्या रोग मातीतून चढतो म्हणून डोळा जमिनीपासून चांगला वीतभर उंच भरतात. रोगाच्या दृष्टीनं ते झाड दोन आहे. पाण्याच्या दृष्टीनं एक. बँकेच्या कर्जाच्या कागदावर एक. बीजाच्या दृष्टीनं फक्त वरचं.

याची दुसरी बाजू अजून विलक्षण आहे. डोळा ज्या झाडावरून आला तेही कोणाच्या तरी डोळ्यातूनच आलेलं. नागपूरकर भोसल्यांच्या बागेत अठराव्या शतकात संत्रा आला असं सांगतात. डोळ्यावरून डोळा असं मागे जात राहिलं तर कळमेश्वर, काटोल, हिंगणा इथल्या हजारो वेगवेगळ्या झाडांचं वरचं अंग थोड्याच जुन्या झाडांचं, मधे कधीच न तुटलेलं, वाढत आलेलं अंग ठरतं. एका झाडात दोन, आणि हजार झाडांत एक. दोन्ही विधानं त्याच बागेबद्दल आणि दोन्ही शब्दशः खरी.

*

त्या माणसानं डोळा 'डोया' म्हटला होता. वऱ्हाडीत काळा काया होतो, पोळी पोयी होते. पुणेरी कानाला तिथं एक अक्षर हरवल्यासारखं वाटतं. बोलणाऱ्याचं काहीही हरवत नाही.

कानाबद्दल एक प्रयोग आहे. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला. इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक बरोबर कळत होता. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत तीच क्षमता बहुतेकांची मावळलेली होती, कारण त्यांच्या घरात त्या फरकाला काही अर्थ नव्हता. हिंदी घरांतल्या बाळांची ती टिकली.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपण समजतो की मूल हळूहळू फरक करायला शिकतं. इथं ते काही फरक सोडून द्यायला शिकतं. आवाजाचा प्रवाह सलग असतो, त्यात शब्दांच्या मधे मोकळी जागाही नसते. एमआयडीसीच्या गेटवर छत्तीसगडचे मजूर भरभर बोलत असतात तेव्हा ते लगेच जाणवतं: कुठं एक शब्द संपला आणि दुसरा सुरू झाला ते उमगत नाही. त्यांना मात्र सगळे शब्द सुटे सुटे ऐकू येतात.

*

कणादाच्या वैशेषिक दर्शनात एक धाडसी कल्पना आहे. दोन घट वेगळे कसे? त्यांचे भाग वेगळे म्हणून. ते भाग वेगळे कसे? त्यांचेही भाग वेगळे म्हणून. असं करत शेवटी परमाणूंशी आलो. त्यांना भागच नाहीत. मग पृथ्वीचे दोन परमाणू, गुणानं तंतोतंत सारखे, एकमेकांपासून निराळे कशानं? उत्तर असं की प्रत्येक परमाणूत त्याचा स्वतःचा 'विशेष' असतो, जो दुसऱ्या कशातही नसतो आणि ज्याला वेगळं ठरवायला आणखी कशाची गरज नसते. दर्शनाचं नाव त्यावरूनच पडलं. वेगळेपण हे जगाच्या अगदी तळाशी बसवून टाकलं.

याच प्रश्नावर भौतिकशास्त्रानं उलट कौल दिला, आणि तो देणारा माणूस भारतीय होता. १९२४ साली ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइनला एक लेख पाठवला. आइन्स्टाइननं स्वतः त्याचं जर्मन भाषांतर करून छापवला. त्यातली किल्ली अशी: प्रकाशाचे दोन कण 'हा' आणि 'तो' असे मोजायचेच नाहीत. दोन नाणी उडवली तर दोन्ही छापे पडण्याची शक्यता चारात एक, कारण 'पहिलं छापा, दुसरं काटा' आणि 'पहिलं काटा, दुसरं छापा' हे दोन निराळे प्रकार आपण मोजतो. नाण्यांना पहिलं-दुसरं असं काही नसेलच, तर ते दोन प्रकार एकच होतात, आणि शक्यता तिनात एक होते. बोसांनी प्रकाशाच्या कणांची मोजणी अशी केली आणि तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाचं प्लँकचं सूत्र बरोबर निघालं. वेगळे धरून मोजलं तर निघत नाही.

म्हणजे फरक आपल्याला कळत नाही एवढ्यावर हे थांबत नाही. फरकच नाही, आणि तो नाही हे मोजणीत दिसतं. दोन आहेत, पण कोणता कोणता हा प्रश्न तिथं लागू नाही. कणादाच्या 'विशेषा'ला प्रयोगशाळेत जागा सापडली नाही. तरी मला वाटतं की प्रश्न इतका नेमका विचारणं, आणि उत्तर नाही म्हणून सोडून न देणं, ही त्या दर्शनाची थोरवी आहे. चूक ठरण्याइतकं स्पष्ट फार थोडे लोक बोलतात.

*

नागेचं पाणी ज्या वैनगंगेला मिळतं तिच्या काठी, कुही तालुक्यात अंभोरा आहे. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' तिथं लिहिला असं आमच्याकडं मानतात. अंबेजोगाईचेही लोक त्यांच्यावर हक्क सांगतात. ग्रंथाचा शक १११०, म्हणजे ११८८ साल, धरतात. मराठीत अद्वैत सांगणारा सुरुवातीचा मोठा ग्रंथ. शंभरेक वर्षांनी ज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभव' लिहिला, आणि त्यात अज्ञानाचं खंडन करणारं सर्वांत मोठं प्रकरण घातलं. वेगळेपण दिसतं ते अज्ञानामुळं, हे सोपं उत्तर त्यांना पुरेसं वाटलं नाही. त्यांच्या लेखी हे नाना रूपांचं जग चैतन्याचा विलास आहे. एकाचं अनेक दिसणं यात त्यांना दोष दिसत नाही.

मी अभ्यासक नाही, पण माळावरची पाण्याची ओळ पाहताना मला शंकराचार्यांपेक्षा ज्ञानेश्वर जवळचे वाटतात. ती ओळ आहे, आणि माळ सलगही आहे. एक खरं करायला दुसरं खोटं पाडावं लागत नाही.

*

हे लिहितो आहे ते मुख्यतः पुढच्या टिपणासाठी. बाकीच्या हद्दींवर मी आनंदानं विचार करू शकतो. एका हद्दीवर तसा करता येत नाही.

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. वय पंचवीस. त्या निबंधाचा गाभा असा: भारतातले लोक वंशानं सरमिसळ झालेले आहेत आणि संस्कृतीनं एकजीव आहेत. म्हणून जात समजावून सांगणं कठीण आहे. निरनिराळे गट शेजारी शेजारी राहिले असते तर कोडं नव्हतं. जे आधीच एक होतं त्याचे कृत्रिम तुकडे कसे पडले, हे कोडं आहे. आणि ते तुकडे पुन्हा मिसळू नयेत अशी व्यवस्था एकाच गोष्टीनं होते: लग्न जातीतच करायचं.

इथवर येऊन ते थांबले नाहीत. बंदिस्त गटात स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेला तर बाई उरते, बायको मेली तर पुरुष उरतो. उरलेली बाई गटाबाहेर लग्न करील ही भीती. म्हणून सती, म्हणून सक्तीचं वैधव्य. उरलेल्या पुरुषासाठी कोवळी मुलगी, म्हणून बालविवाह. या तीन रूढींच्या समर्थनार्थ पुढं कितीही तत्त्वज्ञान रचलं गेलं असलं तरी त्यांचं काम कुंपण राखणं हे होतं, असं त्यांनी मांडलं. हद्द कशी टिकते, तिला रोज काय खायला घालावं लागतं, याचं इतकं उघडं वर्णन मी दुसरीकडं वाचलेलं नाही. पाण्याच्या ओळीला राखणदार लागत नाही. जातीच्या हद्दीला लागतो, आणि तो प्रत्येक पिढीत बायकांच्या अंगावर उभा केला गेला.

दुसरं उदाहरण मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचं. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधनाला गेल्या. फिशर यांचं म्हणणं होतं की गोऱ्या युरोपीय माणसाची कवटी दोन बाजूंनी असमान असते, आणि त्यातून त्याची बुद्धी श्रेष्ठ ठरते. बाईंनी कवट्या मोजल्या. वंशाचा आणि त्या असमानतेचा काही संबंध आढळला नाही, आणि तसं त्यांनी प्रबंधात लिहिलं, मार्गदर्शकाच्या विरोधात, परक्या देशात. गो/नो-गो गेजसारखंच हे: जगाचं मत विचारलं आणि जगानं नाही म्हटलं. फिशर पुढं नाझींच्या वंशशास्त्राचे मोठे आधार झाले. मोजणी हातात असून तिचं न ऐकणारी माणसं काय करू शकतात, ते युरोपनं पाहिलं.

हिंगणा रस्त्यानं शहरात शिरलं की दीक्षाभूमी फार लांब नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथं लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारून आपल्यावर लादलेली ओळख एका दिवसात नाकारली. माणसांचे देह तेच होते, गावं तीच होती. गावात परत गेल्यावर विहिरीवर, पंगतीत, शाळेत दुसऱ्यांनी ती ओळख त्यांच्यावर पुन्हा घालायचा प्रयत्न केला, कारण आखलेल्या रेषेला दोन्ही बाजूंची माणसं लागतात आणि एकच बाजू उठून गेली होती.

जात काल्पनिक आहे, असं म्हणून काहीजण मोकळे होतात. मला ते अपुरं वाटतं. ती आखलेली आहे, निसर्गात नाही, हे खरं. पण गावाबाहेरची वस्ती, विहिरीपासूनचं अंतर, जमिनीचा सातबारा, लग्नाची यादी हे सगळं हाताला लागणारं आहे. आखलेली हद्द शतकानुशतकं राखली की ती जमिनीत उतरते. नुसतं मनातून पुसून ती जात नाही. जिथून ती राखली जाते तिथंच हात घालावा लागतो, आणि ती जागा कोणती ते आंबेडकरांनी १९१६ ला सांगितलं, १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त पुन्हा सांगितलं: लग्न.

एमआयडीसीत निरनिराळ्या जातींची तरुण मुलं-मुली एका शिफ्टला काम करतात, एका बसनं येतात, जेवणाच्या सुट्टीत डबे एकत्र उघडतात. तिथपर्यंत आता फारसं कोणी अडवत नाही. अडतं ते पुढं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं लग्न करायचं तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात, आणि कोणालाही हरकत घेता येते. घरच्यांना कळायला, मुलीला गावी न्यायला, मुलाला धमकावायला तीस दिवस भरपूर होतात. ज्यांना धर्माच्या विधीनं जातीत लग्न करायचं आहे त्यांना अशी नोटीस लावावी लागत नाही. या कायद्याचा आधार घेऊन हद्द ओलांडणाऱ्याला फळ्यावर नाव लावायला सांगणारा हा नियम राज्यानं काढून टाकावा. त्यासाठी नवी तत्त्वचर्चा लागत नाही, कायद्याची दोन-तीन कलमं बदलली की पुरे.